कोठड्यांचं झालं हॉटेल

पर्थला आमच्याकडे भारतातून कुणी आलं की रॉटनेस्ट बेट दाखवावंच लागतं. निळंशार पाणी, आणि क्वोका नावाचा तो हसऱ्या तोंडाचा प्राणी. फोटो काढून झाले की मी पाहुण्यांना क्वॉडकडे नेते. ही गोष्ट त्यांना ठाऊक असलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

क्वॉड म्हणजे 1864 साली बांधलेला अष्टकोनी तुरुंग. इथले आदिवासी नूंगर लोक या बेटाला वाजेमप म्हणतात. 1838 पासून 1931 पर्यंत सुमारे 3,700 आदिवासी पुरुष आणि पोरं इथे कैदेत होती. पुष्कळांचा गुन्हा एवढाच, की त्यांच्याच जमिनीवर गोऱ्यांनी चरायला सोडलेली मेंढी किंवा गाय त्यांनी मारली. पार उत्तरेच्या किंबर्लीपासून गळ्यात साखळ्या घालून त्यांना आणलं जाई. कोठडी तीन मीटर लांब, रुंदी दोन मीटरही नाही. त्यात पाच-पाच माणसं, कधी जास्तच. 1883 मध्ये इन्फ्लुएन्झाने साठएक कैदी मेले. सरकारने चौकशी आयोग नेमला, अहवाल आला, तुरुंग चालूच राहिला.

सुमारे 370 कैदी तिथेच पुरलेले आहेत. थडग्यांवर नाव नाही, खूण नाही. पुढे त्याच जागेवर पर्यटकांचे तंबू लागत. कोठड्यांमधल्या भिंती पाडून हॉटेलच्या खोल्या केल्या आणि 2018 पर्यंत त्या भाड्याने दिल्या. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये आपली माणसं कोठडीच्या उंबऱ्यावर डोकं टेकतात. तिथे कुणी पलंग टाकून भाडं घेतलं असतं, तर महाराष्ट्र पेटून उठला असता.

हे सगळं जुन्या जमान्यातलं म्हणून बाजूला सारता येत नाही. 1983 च्या सप्टेंबरात याच पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यातल्या रोबर्न गावी, हॉटेलबाहेर ड्यूटीवर नसलेल्या पोलिसांशी झालेल्या मारामारीनंतर 16 वर्षांचा जॉन पॅट पोलीस कोठडीत मेला. पाच जणांवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला; ज्यूरीत सगळे गोरे होते; पाचही सुटले. आदिवासी कुटुंबांनी गप्प बसायचं नाकारलं, तेव्हा कुठे 1987 मध्ये आदिवासींच्या कोठडीतल्या मृत्यूंची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमलं गेलं. त्याने 99 मृत्यू तपासले. त्यातल्या 43 जणांना लहानपणीच घरच्यांपासून तोडलेलं होतं. आदिवासी कोठडीत इतके मरतात, कारण मुळात ते कोंडलेच इतके जातात, असं आयोगाने 1991 मध्ये स्पष्ट सांगितलं आणि 339 शिफारशी केल्या. दंड थकला म्हणून सरसकट तुरुंगात टाकू नका, ही त्यातलीच एक.

तरीही 2014 मध्ये याच राज्यातल्या साउथ हेडलंडच्या पोलिसांनी 22 वर्षांच्या एका यामाजी तरुणीला धरलं. थकलेला दंड 3,622 डॉलर. घरच्यांच्या रीतीप्रमाणे तिचं पहिलं नाव घेत नाहीत, मीही लिहीत नाही. मोडलेल्या बरगडीतला संसर्ग रक्तात भिनला होता. ती कण्हत होती, पोलिसांना ते नाटक वाटलं. दोनदा इस्पितळात नेलं, दोनदा तिथून कोठडीत परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला ती गेली. पोलिसांची वागणूक अमानुष होती, असं मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने लिहून ठेवलं आहे. दंडाचा कायदा 2020 मध्ये बदलला, शिफारशीनंतर 29 वर्षांनी. त्या पोलिसांपैकी एकावरही फौजदारी खटला भरला गेला नाही.