वार्धक्यातील स्वास्थ्य आणि व्यवसायोपचार

व्यवसायोपचार म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी. या नावातील ‘व्यवसाय’ हा शब्द मराठी वाचकाला थोडा चकवतो, कारण येथे त्याचा अर्थ नोकरी-धंदा असा नाही. स्नान, स्वयंपाक, बाजारहाट, देवपूजा, पत्त्यांचा डाव, नातवंडांचा अभ्यास अशा ज्या कामांनी दिवस भरतो आणि आपली कुणाला तरी गरज आहे असे वाटते, ती सारी कामे या शास्त्राच्या कक्षेत येतात. भारतात या विषयाचे शिक्षण १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले. अमेरिकेत जन्मलेल्या कमला निंबकर यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता.

वृद्धांना कशात तरी गुंतवून ठेवले की ते आनंदी राहतात, असा सर्वसाधारण समज आहे. लॉस एंजेलिस येथे फ्लॉरेन्स क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजाची कसोटी घेतली. स्वतंत्रपणे राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या ३६१ स्त्री-पुरुषांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला नऊ महिने व्यवसायोपचारतज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळाले, तर दुसऱ्यासाठी सहली, हस्तकला, चित्रपट, खेळ असे कार्यक्रम झाले. तिसऱ्याला काहीच दिले गेले नाही. १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनुसार पहिल्या गटाचे आरोग्य, कार्यक्षमता आणि जीवनाविषयीचे समाधान अन्य दोन गटांपेक्षा सरस ठरले. करमणुकीच्या गटात आणि काहीच न मिळालेल्या गटात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. उपक्रम संपून सहा महिने लोटल्यावरही पहिल्या गटाचा सुमारे ९० टक्के लाभ टिकून होता.

हा फरक का पडला असावा? करमणुकीच्या गटाला कार्यक्रम आयता मिळाला. पहिल्या गटातील प्रत्येकाने मात्र आपला दिवस स्वतः तपासला. प्रवास, सुरक्षितता, पैशाचे व्यवहार, नातेसंबंध यांतील अडचणींवर आठवड्याला दोन तास सामूहिक चर्चा होई. शिवाय प्रत्येकाशी स्वतंत्र भेटीही होत. आपल्याकडील एक उदाहरण घ्यावे. गुडघे दुखू लागले म्हणून आजींचे मंडईत जाणे बंद होते आणि घरचे म्हणतात, ‘आता आराम करा.’ भाजी घरी येते, पण त्यासोबत ओळखीची भाजीवाली, घासाघीस आणि घरातला शब्द, हे सारे जाते. व्यवसायोपचारतज्ज्ञ येथे काठी, वाटेतला विसाव्याचा बाक, जाण्याची वेळ आणि पिशवीचे वजन यांचा विचार करतो, आणि आजींनी पुन्हा मंडईत जावे हे उद्दिष्ट ठेवतो.

पुढील संशोधनाने उत्साहाला थोडा लगामही घातला. लॉस एंजेलिसमध्येच ४६० जणांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. अंगदुखी, उत्साह आणि नैराश्य यांत सुधारणा दिसली, पण ती माफक होती; आकलनशक्तीवर परिणाम आढळला नाही. ब्रिटनमध्ये पासष्टीपुढील २८८ जणांवर अशाच धर्तीचा उपक्रम राबवला गेला. २०१७ साली जाहीर झालेल्या त्याच्या निष्कर्षांत सहा महिन्यांनंतर मानसिक स्वास्थ्यात लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र त्यात सहभागी झालेली मंडळी मुळातच बऱ्यापैकी समाधानी होती. म्हणून असा उपक्रम सरसकट सर्वांसाठी राबवण्याऐवजी, ज्यांचे स्वास्थ्य ढासळण्याचा धोका आहे अशा वृद्धांपर्यंत आधी पोहोचावा, असे संशोधकांचे मत पडले. जोडीदाराचे निधन, पडल्यामुळे झालेले अस्थिभंग किंवा घर बदलणे, हे असे प्रसंग होत.