पीळ दिलेल्या दोन तारा आणि एक घड्याळ

रेडिओ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोरा उभा राहतो आणि वर्गात आपण रेडिओलहरींविषयी बोलू लागतो. पण त्या मनोऱ्यापर्यंत पोचण्याआधी निवेदकाच्या आवाजाला स्टुडिओतल्या तारांमधून बराच प्रवास करावा लागतो. मायक्रोफोन, ध्वनिमुद्रित गाणी, टेलिफोनवरून बोलणारे श्रोते असे सगळे आवाज एका मेजावर एकत्र येतात. तेथे ते कमीजास्त करून एकमेकांत मिसळले जातात. या मेजाला कन्सोल म्हणतात. कन्सोलची जोडणी कशी बदलत गेली, हा इतिहास मनोऱ्याच्या इतिहासाइतकाच बोधप्रद आहे.

त्याची सुरुवात रेडिओच्याही आधी होते. तारायंत्रासाठी एकच तार पुरत असे. परतीचा मार्ग जमिनीतून. १८७६ साली टेलिफोन आला तेव्हा त्यानेही तीच पद्धत उचलली. पण टेलिफोनचा विद्युत्प्रवाह फारच दुबळा. शेजारच्या तारायंत्राची कटकट आणि पुढे विजेच्या ट्रामची घरघर संभाषणात मिसळू लागली. ॲलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ साली यावरच्या उपायाचे पेटंट घेतले. जमीन वगळायची, दोन तारा घ्यायच्या आणि त्यांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा.

पिळाने काय साधते? समजा, एका तारेत संकेत +३ आहे आणि दुसरीत −३. पिळामुळे दोन्ही तारा बाहेरच्या उपद्रवाला आलटून पालटून सारख्याच जवळ येतात, म्हणून दोघींतही सारखाच उपद्रव शिरतो. तो २ धरू. आता तारांवर +५ आणि −१ आहे. पलीकडचे यंत्र फक्त फरक मोजते : ५ वजा (−१), म्हणजे ६. मूळ फरकही ६ च होता. उपद्रव वजाबाकीत नाहीसा झाला! सातवीच्या मुलांनाही हे गणित फळ्यावर करता येईल.

रेडिओने ही युक्ती टेलिफोनकडून आयतीच घेतली. जानेवारी १९२३ मध्ये न्यूयॉर्क आणि बॉस्टन येथील केंद्रांनी एकच कार्यक्रम प्रक्षेपित केला, तो टेलिफोनच्या तारांनी जोडूनच. टेलिफोनचे ६०० ओहमचे माप स्टुडिओतही रूढ झाले. जोडणी बदलण्यासाठी टेलिफोन एक्स्चेंजसारखीच छिद्रांची पाटी आली. मात्र एक दुखणे राहिलेच. तार जितकी लांब आणि मधली यंत्रे जितकी जास्त, तितका आवाज थोडाथोडा बिघडे. आणि एकदा बिघडलेला आवाज मूळपदावर आणता येत नसे.

त्यावरचा उपाय म्हणजे आवाजाऐवजी आकडे पाठवणे. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३८ साली या पद्धतीचे पेटंट मागितले. ध्वनीच्या विद्युत्संकेताची उंची ठराविक काळाने मोजायची आणि ते माप फक्त ० व १ या खुणांत लिहायचे. खूण थोडी पुसट झाली तरी ० आणि १ यांतला फरक ओळखता येतो, म्हणून ती वाटेत पुन्हा कोरी करकरीत लिहून पुढे पाठवता येते. ध्वनीत जितकी कंपने असतील त्यांच्या दुपटीहून अधिक वेळा माप घ्यावे लागते. बीबीसीने १९७२ पासून लंडनहून दूरच्या प्रक्षेपकांकडे कार्यक्रम असेच पाठवायला सुरुवात केली. एफएमवर सेकंदाला १५,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी जातो, म्हणून सेकंदाला ३२,००० मापे घेतली जात.

स्टुडिओच्या आतल्या जोडणीसाठी १९८५ साली एईएस-३ हे मानक ठरले. त्यात सेकंदाला ४८,००० मापे असतील, तर प्रत्येक वेळी दोन वाहिन्यांचे मिळून ६४ बिट जातात. म्हणजे सेकंदाला ३० लाख ७२ हजार! आणि हे सारे जाते कशातून? पीळ दिलेल्या त्याच दोन तारांतून. जोडणीचा खटकाही मायक्रोफोनचाच. पूर्वी दोन तारांची अदलाबदल झाली तर ध्वनिलहर उलटी होई. येथे तीही अडचण नाही. मात्र तार ११० ओहमची हवी. नाहीतर इतके जलद स्पंद टोकावरून परावर्तित होतात आणि पुढच्या स्पंदांत घोटाळा करतात. खटका बसला म्हणजे जोडणी बरोबर झाली, असे आता राहिले नाही.

येथेच एक नवी अडचण पुढे आली. आकडे पाठवणारा आणि घेणारा यांची घड्याळे जुळली पाहिजेत. दोन घड्याळांत दहा लाखांत २० चा फरक असेल, तर ४८,००० च्या वेगाने दर सेकंदाला जवळजवळ एक माप जास्त किंवा कमी पडते. ऐकणाऱ्याला मध्येच 'टक्' असा आवाज येतो. दोन्ही यंत्रे निर्दोष, तार निर्दोष, तरी आवाजात दोष! म्हणून साऱ्या स्टुडिओला एकच मुख्य घड्याळ असावे, असे १९९१ च्या एईएस-११ या मानकाने सुचवले.

२००३ पासून रेडिओचे कन्सोल संगणकांच्या जाळ्यावरून आवाज नेऊ लागले. आता पट्टीमागे मायक्रोफोनची स्वतंत्र तार नसते. प्रत्येक आवाजाला एक क्रमांक असतो आणि कोणत्या पट्टीवर कोणता क्रमांक, हे पडद्यावर ठरवले जाते. २०१३ च्या एईएस-६७ मानकानुसार सेकंदाच्या हजाराव्या भागातली ४८ मापे एका पुडक्यात बांधून पाठवता येतात. पुडके वाटेत रेंगाळू शकते, म्हणून घड्याळे एकमेकांना निरोप पाठवून जाण्यायेण्याचा वेळ मोजतात, त्याची निमपट धरतात आणि आपली वेळ सुधारतात. या जाळ्याच्या केबलमध्येही पीळ दिलेल्या तारांच्याच जोड्या असतात.

वर्गात करून पाहा. दोन मुलांना डोळे मिटून, एकमेकांचा आवाज न ऐकता, मनात सेकंद मोजायला सांगा आणि साठाव्या सेकंदाला हात वर करायला सांगा. हात क्वचितच एका वेळी वर जातील. मग तुम्ही टाळ्या वाजवून ताल द्या. तुमच्या टाळीचे काम स्टुडिओत मुख्य घड्याळ करते. तारेने बाहेरचा उपद्रव दूर ठेवला, आकड्यांनी अंतराचा दोष घालवला. पण सर्वांनी एकाच तालात मोजण्याची व्यवस्था आजही माणसालाच नीट लावून द्यावी लागते.