तीन ध्वजांखालील एक कारकीर्द : बायथलॉनपटू अन्फिसा रेझ्त्सोवा

प्रास्ताविक

क्रीडा हा इतिहासलेखनाचा विषय आपल्याकडे अद्याप पुरेसा रुळलेला नाही. खेळाडूंची चरित्रे लिहिली जातात, विक्रमांची संकलने होतात. परंतु एखाद्या खेळाडूच्या कारकिर्दीकडे राज्यसंस्थेच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याचा प्रयत्न क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात अन्फिसा रेझ्त्सोवा (१९६४–२०२३) या रशियन महिला खेळाडूच्या कारकिर्दीचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. तीन ऑलिंपिक सुवर्णपदके त्यांच्या नावावर आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिकृत कोष्टकांत मात्र ही तीन पदके तीन निरनिराळ्या संघांच्या खात्यावर जमा आहेत : १९८८ चे सोव्हिएत संघाच्या, १९९२ चे 'एकीकृत संघा'च्या आणि १९९४ चे रशियन महासंघाच्या. सहा वर्षांच्या अवधीत खेळाडू तीच राहिली, राज्य मात्र दोनदा बदलले. त्यामुळे रेझ्त्सोवा यांना 'रशियन बायथलॉनपटू' म्हणणे सोयीचे असले, तरी ते उत्तरकाळाने लावलेले लेबल आहे, हे येथे दाखवावयाचे आहे.

खेळाचे स्वरूप

ज्या प्रदेशात बर्फ पडत नाही तेथील वाचकाला बायथलॉनचा परिचय असण्याचे कारण नाही, म्हणून थोडा खुलासा आवश्यक आहे. पाठीवर किमान साडेतीन किलो वजनाची रायफल घेऊन बर्फाच्छादित चढउतारांवरून स्कीवर धावावयाचे, मध्येच थांबून पन्नास मीटर अंतरावरील पाच लक्ष्यांवर नेम धरावयाचा, आणि पुन्हा धावावयाचे, असे या खेळाचे स्वरूप आहे. पालथे पडून गोळ्या झाडताना लक्ष्याचा व्यास अवघा ४५ मिलिमीटर असतो. उभ्याने झाडताना तो ११५ मिलिमीटर असतो. रिले व 'स्प्रिंट' या प्रकारांत चुकलेल्या प्रत्येक लक्ष्यामागे १५० मीटरची एक दंडफेरी जादा धावावी लागते. छाती भात्यासारखी वरखाली होत असताना हात स्थिर ठेवणे, ही या खेळातील खरी कसोटी होय.

खेळाचे मूळ सैनिकी आहे. १९२४ साली शामोनी येथे भरलेल्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये 'लष्करी गस्त' या नावाची स्पर्धा झाली होती. आधुनिक बायथलॉनला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला तो १९६० साली. सोव्हिएत संघाने या खेळात असाधारण वर्चस्व मिळविले. १९६८ ते १९८८ या काळातील सहाही ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या रिलेचे सुवर्णपदक सोव्हिएत संघालाच मिळाले. 'श्रम आणि संरक्षण यांसाठी सज्ज' या १९३१ साली सुरू झालेल्या राष्ट्रव्यापी शारीरिक शिक्षणक्रमात स्कीइंग व नेमबाजी या दोहोंचा अंतर्भाव होता, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. सोव्हिएत राज्याच्या दृष्टीने बायथलॉन म्हणजे संरक्षणसज्जतेचेच एक प्रात्यक्षिक होते.

महिलांना मात्र या खेळाची दारे उशिरा उघडली. लहान व्यासाच्या नळीची हलकी रायफल १९७८ पासून प्रचारात आली. महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८४ साली शामोनीलाच झाली. ऑलिंपिकसाठी आणखी आठ वर्षे जावी लागली.

झेफेल्ड ते कॅलगरी

अन्फिसा रोमानोवा यांचा जन्म १६ डिसेंबर १९६४ रोजी व्लादिमिर प्रांतातील याकिमेत्स या गावी झाला. रेझ्त्सोवा हे त्यांचे विवाहोत्तर आडनाव होय. त्यांची सुरुवात बायथलॉनने झाली नाही. त्या क्रॉस कंट्री स्कीइंगच्या खेळाडू होत्या. १९८५ साली ऑस्ट्रियातील झेफेल्ड येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत रिलेचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या सोव्हिएत चमूत विसाव्या वर्षी त्यांचा समावेश होता. त्याच शर्यतीत पूर्व जर्मनीला कांस्यपदक मिळाले, आणि त्या चमूत अंत्ये मिझर्स्की नावाची सतरा वर्षांची मुलगी होती. या दोघींची पुन्हा गाठ पडावयाची होती; त्या प्रसंगाकडे पुढे वळू.

झेफेल्डची स्पर्धा आणखी एका कारणाने महत्त्वाची ठरली. पारंपरिक पद्धतीत स्की समांतर खाचांतून सरळ पुढे सरकवीत जावे लागे. त्याऐवजी बर्फावरील स्केटिंगप्रमाणे तिरपे ढकलत जाण्याची पद्धती तेथे सर्रास वापरली गेली. त्यानंतर क्रॉस कंट्रीमध्ये पारंपरिक व मुक्त अशा दोन शैलींच्या शर्यती वेगळ्या करण्यात आल्या, तर बायथलॉनने मुक्त शैलीच स्वीकारली. १९८८ साली कॅलगरी येथील ऑलिंपिकमध्ये महिलांच्या दोन लहान शर्यती पारंपरिक शैलीच्या होत्या, २० किलोमीटरची शर्यत व रिले या मुक्त शैलीच्या. रेझ्त्सोवा यांना पदके मिळाली ती या दोहोंतच : २० किलोमीटरमध्ये तमारा तिखोनोवा यांच्या मागोमाग रौप्य, आणि रिलेमध्ये नागेय्किना, गाव्रिल्युक व तिखोनोवा यांच्यासमवेत सुवर्ण. पुढील काळातील त्यांच्या यशाचे तांत्रिक कारण येथेच सापडते. मुक्त शैलीतील अशा वेगाची खेळाडू बायथलॉनकडे वळली, तर नेमबाजीतील उणीव पायांच्या बळावर भरून काढू शकेल, हे उघड होते.

कॅलगरीनंतर वर्षाच्या आत, जानेवारी १९८९ मध्ये, त्यांना पहिली कन्या झाली. मातृत्वानंतर त्यांनी पुनरागमन केले ते नव्या खेळात. पंचविशी ओलांडलेल्या खेळाडूने रायफल प्रथमच हाती धरावी आणि दोन-तीन हंगामांत जागतिक श्रेणीत पोहोचावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. १९९१–९२ आणि १९९२–९३ अशा लागोपाठ दोन हंगामांत बायथलॉन विश्वचषकाचे एकूण विजेतेपद त्यांना मिळाले.

ले सेझी, ११ फेब्रुवारी १९९२

२५ डिसेंबर १९९१ च्या संध्याकाळी क्रेमलिनवरील लाल ध्वज उतरविण्यात आला. २ जानेवारी १९९२ रोजी रशियात किमतींवरील सरकारी नियंत्रणे उठली, आणि त्या एका वर्षात किमती वीस पटींहून अधिक वाढल्या. ८ फेब्रुवारीला फ्रान्समधील आल्बेरव्हिल येथे हिवाळी ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. ज्या राज्याने या खेळाडूंना निवडले, पोसले व घडविले होते, ते राज्य अस्तित्वातच नव्हते. नव्या राज्यांच्या ऑलिंपिक समित्यांना मान्यता मिळण्यास अवकाश होता. एस्टोनिया, लाटव्हिया व लिथुएनिया यांनी स्वतंत्र संघ पाठविले. इतर काही माजी प्रजासत्ताकांच्या खेळाडूंसाठी 'एकीकृत संघ' अशी तात्पुरती व्यवस्था करण्यात आली. त्यांच्यापुढे पाच वर्तुळांचा ऑलिंपिक ध्वज होता, आणि विजेत्यांसाठी ऑलिंपिक गीताची धून वाजणार होती.

ऑलिंपिकमधील महिलांची पहिली बायथलॉन शर्यत ११ फेब्रुवारी रोजी ले सेझी येथे झाली. अंतर साडेसात किलोमीटर. क्रेमलिनवरील ध्वज उतरून त्या दिवशी ४८ दिवस झाले होते. दहा गोळ्यांपैकी रेझ्त्सोवा यांच्या तीन चुकल्या. म्हणजेच साडेचारशे मीटर अंतर त्यांना जादा धावावे लागले. तरीही २४ मिनिटे २९.२ सेकंद ही वेळ नोंदवून त्या पहिल्या आल्या. दुसरा क्रमांक मिळविणाऱ्या खेळाडूच्या दोनच गोळ्या चुकल्या होत्या आणि ती १५.९ सेकंदांनी मागे राहिली. एक दंडफेरी अधिक करूनही एवढे अंतर राखणे म्हणजे निव्वळ स्कीइंगच्या वेगाचा विजय होता. हिवाळी ऑलिंपिकच्या दोन वेगवेगळ्या खेळांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

दुसऱ्या क्रमांकाची खेळाडू होती अंत्ये मिझर्स्की, एकीकृत जर्मनीच्या संघातून. तिची कथा सांगितल्यावाचून या शर्यतीचे ऐतिहासिक मोल ध्यानात येणार नाही. तिचे वडील हेनर मिझर्स्की हे पूर्व जर्मनीत स्कीइंगचे प्रशिक्षक होते. आपल्या खेळाडूंना स्नायुवर्धक संप्रेरके देण्यास त्यांनी नकार दिला आणि १९८५ साली त्यांना पदावरून दूर करण्यात आले. झेफेल्डचे कांस्यपदक ताजे असतानाच मुलीनेही खेळ सोडला. १९८९ साली ती परतली, तीही बायथलॉनमध्ये. म्हणजे १९८५ च्या रिलेमध्ये पहिल्या व तिसऱ्या आलेल्या चमूंतील दोन स्कीपटू सात वर्षांनी दुसऱ्याच खेळाच्या विजयमंचावर शेजारी उभ्या राहिल्या, आणि तोवर दोघींचीही मूळ राज्ये नकाशावरून नाहीशी झालेली होती. एकीचे राज्य शेजारच्या राज्यात विलीन झाले होते, दुसरीचे विघटित झाले होते. त्याच ऑलिंपिकमध्ये १५ किलोमीटरचे सुवर्णपदक मिझर्स्की यांनी जिंकले. त्या स्पर्धेतील पदकतालिकेत जर्मनी १० सुवर्णांसह पहिला व एकीकृत संघ ९ सुवर्णांसह दुसरा आला. या तालिकेचा अर्थ लावताना पूर्व युरोपातील जुन्या क्रीडायंत्रणांचा वाटा वगळून चालणार नाही. यंत्रणा ज्या राज्यांनी उभारल्या ती गेली. यंत्रणेने घडविलेली माणसे उरली.

रिलेमध्ये बेलोवा, रेझ्त्सोवा व मेल्निकोवा या त्रयीला कांस्यपदक मिळाले. सुवर्ण यजमान फ्रान्सने नेले.

आपल्याला हा ध्वजाचा प्रश्न परका वाटू नये. २०१४ साली रशियातच, सोची येथे, भारतीय ऑलिंपिक संघटनेवरील निलंबनामुळे आपल्या तीन खेळाडूंना उद्घाटनाच्या संचलनात तिरंग्याऐवजी ऑलिंपिक ध्वजामागे चालावे लागले होते. तेथे राज्य शाबूत होते, संघटना अडचणीत होती. शिवाय स्पर्धा सुरू असतानाच निलंबन उठले. आल्बेरव्हिलमध्ये अशी कोणतीच वाट नव्हती.

लिलेहामर आणि राम्साऊ

१९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये रशिया प्रथमच स्वतःच्या नावाने हिवाळी स्पर्धेत उतरला आणि ११ सुवर्णपदके मिळवून अग्रस्थानी राहिला. महिलांच्या बायथलॉन रिलेमध्ये तालानोवा, स्निटिना, नोस्कोवा व रेझ्त्सोवा यांनी सुवर्ण जिंकले. अखेरचा टप्पा रेझ्त्सोवा यांचा होता. यावेळी तिरंगी रशियन ध्वज चढला. धून मात्र कॅलगरीची नव्हती. तेथे अलेक्सांद्रोव यांची सोव्हिएत धून वाजली होती. येथे वाजली ती ग्लिंका यांची शब्दरहित रचना, जी १९९० च्या दशकात रशियाचे राष्ट्रगीत होती. अलेक्सांद्रोव यांची जुनी धून नव्या शब्दांसह परत आली ती २००० च्या अखेरीस. सारांश, एकाच स्त्रीच्या तीन सुवर्णपदकांसाठी तीन निरनिराळ्या धुना वाजल्या.

याच स्पर्धेतील साडेसात किलोमीटरच्या शर्यतीत रौप्य बेलारूसच्या व कांस्य युक्रेनच्या खेळाडूला मिळाले. दोनच वर्षांपूर्वी या देशांचे खेळाडू रेझ्त्सोवा यांच्याच संघात चालले होते. सोव्हिएत वारसा म्हणजे रशियाचा वारसा, असे समीकरण सर्रास मांडले जाते. क्रीडेच्या नोंदी त्याला दुजोरा देत नाहीत. रशियाच्या वाट्याला मोठा हिस्सा आला हे खरे, परंतु वाटणी झाली होती हेही तितकेच खरे.

१९९६ साली त्यांना दुसरी कन्या झाली. त्यानंतर त्या पुन्हा क्रॉस कंट्रीकडे वळल्या. १९९९ साली राम्साऊ येथील जागतिक स्पर्धेत डानिलोवा, लाझुटिना व गाव्रिल्युक यांच्यासमवेत, चौतिसाव्या वर्षी, त्यांनी रिलेचे सुवर्ण मिळविले. गाव्रिल्युक अकरा वर्षांपूर्वीच्या कॅलगरीच्या चमूतही होत्या. राम्साऊच्या चमूतील डानिलोवा व लाझुटिना या दोघी २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये निषिद्ध द्रव्यसेवनाबद्दल दोषी ठरल्या. हेनर मिझर्स्की यांनी १९८५ साली ज्या गोष्टीस नकार दिला, तिचे सावट या कालखंडातील यशाच्या कोणत्याही अभ्यासकाला दृष्टिआड करता येत नाही. पूर्व जर्मनीची दप्तरे राज्यासोबत उघडी पडली. रशियातील व्यवहार मॅक्लॅरेन अहवालाने २०१६ साली तपशीलवार मांडले.

पुढील पिढी

या दोन कन्या, दार्या विरोलाइनेन व क्रिस्टिना रेझ्त्सोवा, बायथलॉनपटू झाल्या. क्रिस्टिना यांच्या वाट्याला २०२२ चे बीजिंग ऑलिंपिक आले. मॉस्कोच्या उत्तेजक द्रव्य चाचणी प्रयोगशाळेतील माहितीत फेरफार केल्याच्या प्रकरणी क्रीडा लवादाने डिसेंबर २०२० मध्ये निर्णय दिला होता. त्यानुसार रशियन खेळाडूंना देशाचे नाव, ध्वज व राष्ट्रगीत वापरण्यास दोन वर्षे मनाई होती. ते 'रशियन ऑलिंपिक समिती'चे खेळाडू म्हणून उतरले, आणि सुवर्णविजेत्यांसाठी चायकोव्स्की यांच्या पियानो कॉन्चेर्तोची धून ठरली होती. आईच्या वेळी राज्यच उरले नव्हते म्हणून ध्वज नव्हता. मुलीच्या वेळी राज्य होते, पण त्याच्या वर्तनामुळे ध्वज नाकारला गेला होता. या दोन अभावांना एकाच मापाने मोजणे इतिहासदृष्ट्या चूक ठरेल.

बीजिंगमध्ये क्रिस्टिना यांना मिश्र रिलेचे कांस्य व महिला रिलेचे रौप्य मिळाले. पुढच्याच महिन्यात, युक्रेनवरील आक्रमणानंतर, आंतरराष्ट्रीय बायथलॉन संघटनेने रशिया व बेलारूस यांच्या खेळाडूंना स्पर्धांतून वगळले. अन्फिसा रेझ्त्सोवा १९ ऑक्टोबर २०२३ रोजी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवर्तल्या. मायलेकींची ऑलिंपिक पदके अधिकृत कोष्टकांत आज चार वेगवेगळ्या संघांच्या नावापुढे नोंदलेली आहेत.