मानसोल्लासांतील धोसक व पाकलेखनांतील मौन

कल्याणीचा चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर यानें शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमारास रचिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांतील अन्नभोगाचें प्रकरण आतां अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचें झालें आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं हा ग्रंथ संपादिला व त्याचा दुसरा भाग १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून मंडक, पूरिका, वटक, इड्डरिका, धोसक हीं नांवें वारंवार उद्धृत होत आलीं आहेत. नांवें उद्धृत करणें सोपें. परंतु श्लोकावरून पदार्थ कसा होता हें ठरविणें तितकें सोपें नाहीं. प्रस्तुत टिपणांत आम्ही केवळ धोसकाचा विचार करणार आहों.

धोसक हा आपल्या धिरड्याच्या जातीचा पदार्थ. (जातीचा म्हणतों, नांवाचा नव्हे. धिरडें हा शब्द धोसकापासून आला असें कोणी म्हणूं लागल्यास त्यास आमची संमति नाहीं. कानडी-तामिळ दोसे मात्र उघडच त्याचे सगोत्र आहेत.) तेल माखलेल्या तापिकेवर, म्हणजे तव्यावर, चण्याच्या डाळीचे धोसक करावे, मसाला पूर्वीं सांगितलेलाच घ्यावा, आणि उडीद, चवळी व वाटाणा यांचेही याच रीतीनें करावे, एवढेंच सोमेश्वर सांगतो.

गेल्या ज्येष्ठांत घरीं आमरसाचा बेत होता. धिरडीं व आमरस हा योग आमच्याकडे जुना आहे. तेव्हां श्लोक पुढें ठेवून आम्हीं स्वतः चवळीचे धोसक करावयास घेतले. पहिले तीन तव्यास असे चिकटले कीं उलथन्यानें खरवडून काढावे लागले. आमच्या सौभाग्यवती दारांतून पाहत होत्या. “अहो, चवळी भिजली होती का पुरती? पीठ सरसरीत केलंत का? तवा कांद्यानं पुसलात का?” तीनही प्रश्नांस आमचें उत्तर एकच होतें, कीं श्लोकांत तसें नाहीं. “श्लोकांत कशाला असेल? तें स्वयंपाकघरांत असतं,” असें म्हणून त्यांनीं उलथनें आमच्या हातून घेतलें. चौथा धोसक उत्तम झाला.

प्रसंग हंसण्यासारखा खरा, पण त्यांत एक ऐतिहासिक प्रश्न दडलेला आहे. के. टी. अचय यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय अन्नविषयक ग्रंथांत इड्डरिकेसंबंधीं दाखविलें आहे कीं, तींत तांदूळ नाहीं, पीठ आंबविण्याचा उल्लेख नाहीं व वाफेवर शिजविण्याचाही नाहीं. हाच न्याय धोसकासही लावण्यांत येतो. आमच्या मतें हीं प्रमाणें एका तोलाचीं नाहींत. कडधान्यें ग्रंथकार नांवानिशीं मोजतो. म्हणून त्या गणनेंत तांदूळ नसणें यास अर्थ आहे. क्रियेच्या बाबतींत मात्र तो पाणिनीच्या सूत्रांतील अनुवृत्तीप्रमाणें मागचें पुढें चालवितो आणि उरलेलें आचाऱ्यावर सोंपवितो. वाटणांत पाणी किती घालावें हें तो सांगत नाहीं, म्हणून पाणी घालीतच नसत असें कोणी म्हणणार नाहीं. मग पीठ ठेवून आंबविलें जात नव्हतें हें तरी त्याच मौनावरून कसें म्हणावें? आंबवीत होते असाही आमचा आग्रह नाहीं. दोहोंपैकीं एकही पक्ष या श्लोकांवरून सिद्ध होत नाहीं.

याच्या उलट उदाहरण रोमन वाङ्मयांत आहे. आपीकियसच्या नांवावर चालत आलेल्या लॅटिन पाकसंग्रहांत दुधांतील अंड्यांचा एक पोळा सांगितला आहे: चार अंडीं, एक हेमिना (सुमारें पाव लिटर) दूध व एक उंकिया, म्हणजे औंसभर, तेल एकजीव करून पातळ तव्यावर घालावें, एक बाजू झाली कीं ताटांत उलटून वर मध ओतावा व मिरपूड भुरभुरावी. त्या संग्रहांत मापें क्वचितच आढळतात. येथें तीं आहेत आणि पिठाचें नांव नाहीं. जेथें लेखक औंसापर्यंत मोजतो तेथें पीठ विसरला असें मानणें कठीण, म्हणून आम्ही तो पदार्थ बिनपिठाचाच समजतों.

आमच्या पूर्वजांस मापें ठाऊक नव्हतीं असें नव्हे. शार्ङ्गधरसंहितेच्या आरंभींच मानपरिभाषा दिलेली आहे व वैद्य कर्ष-पलांवांचून बोलत नाहीं. औषधांत चूक झाली तर जीव जातो. भोजनांत चूक झाली तर आचारी ती दुसऱ्या दिवशीं सुधारतो. राजासाठीं लिहिलेल्या ग्रंथास हात शिकविण्याचें प्रयोजनच नव्हतें.

तें प्रयोजन छापखान्यानें निर्माण केलें. इंग्लंडांत एलायझा ॲक्टन हिनें १८४५ सालीं कृतीच्या शेवटीं जिन्नस, मापें व वेळ वेगळीं देण्याचा प्रघात पाडला. इझाबेला बीटन हिनें १८६१ सालीं जिन्नसांची यादी आरंभीं आणिली. आपल्याकडे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं निघालें व १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’. या पुस्तकांचा वाचक असा कीं, ज्याच्या दारांत उभें राहून “तवा पुसलात का?” असें विचारणारें कोणी असेलच असें नाहीं.

आमची नात सध्यां शिक्षणार्थ जर्मनींत आहे. तिनें धिरड्यांची कृति मागविली, तेव्हां तिच्या आजीनें चाळीस वर्षांत प्रथमच डाळ वाटीनें मोजली, पाणी मोजलें आणि घड्याळ पाहिलें. कागद भरत आला तरी ‘सरसरीत’ या शब्दास माप सांपडेना. शेवटीं पळीतून पीठ कसें पडावें तें त्यांनीं चार ओळींत वर्णन करून लिहिलें.