बोटातला कंप : गिटारवरील व्हायब्रेटोचा इतिहास

गिटारची तार छेडली की सूर त्याच क्षणापासून विरू लागतो. गायकाला किंवा व्हायोलिनवादकाला तो धरून ठेवता येतो, गिटारवादकाला नाही. या विरत्या सुरात जीव राहावा म्हणून डाव्या हाताचे बोट तारेवर झुलवण्याची जी रीत पडली, ती म्हणजे व्हायब्रेटो.

रीत जुनी आहे. गिटारच्या भावकीतल्या ल्यूटवर ती सतराव्या शतकाआधीच रुळली होती. फ्रान्सचे मारँ मेर्सेन यांनी १६३६ च्या ग्रंथात तिची नोंद केली आणि आधीच्या पिढीने तिचा अतिरेक केल्यामुळे आताचे वादक ती टाळतात, असेही लिहिले. ही तक्रार आजही शिळी झालेली नाही. आतड्याच्या, आणि १९४० च्या दशकानंतर नायलॉनच्या, तारांवर बोट तारेच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे डोलवतात. त्यामुळे ताण कमी-जास्त होऊन सूर मूळ जागेच्या खाली आणि वर असा दोन्हीकडे हलतो. अभिजात गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्या वादनातला ऊबदार कंप हाच.

पोलादी तारांवर ही युक्ती फारशी चालत नाही. तिथे वेगळी वाट निघाली ती हवाई बेटांवर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूची पट्टी घसरवण्याची पद्धत तिथे सुरू झाली. तिचे श्रेय साधारणपणे जोसेफ केकुकू यांना देतात. फ्रेटचे बंधन सुटले आणि सूर गळ्यासारखा हलू लागला. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतील जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेला या नादाने वेड लावले. हेच वाद्य पुढे भारतात आले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत ब्रिजभूषण काब्रा यांनी त्यावर रागदारीतली मींड आणि आंदोलन वाजवले.

उभ्या धरलेल्या गिटारवरचा आजचा व्हायब्रेटो मात्र मुख्यतः एका अडचणीतून घडला. मिसिसिपीतले ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग १९४६ मध्ये मेम्फिसला गेले, तेव्हा तिथे त्यांचे नातलग बुका व्हाइट तारेवर धातूची नळी घसरवून वाजवत. किंग यांना ती नळी जमेना. तो थरथरता नाद नुसत्या बोटांनी काढायचा, म्हणून ते हात हलवू लागले. पहिले बोट तारेवर घट्ट, अंगठा दांड्यापासून सुटलेला, बाकीची बोटे पंखासारखी पसरलेली आणि सगळी हालचाल मनगटातून: या हाताची ओळख पुढे एका सुरावरून पटू लागली. यात तार आडवी ओढली जाते, म्हणून सूर मूळ जागेवरून फक्त वर जातो आणि परत येतो. परतताना तो नेमका मूळ जागी आला नाही, तर वादन बेसूर लागते. खरी कसोटी इथेच आहे; वेग त्यामानाने सोपा.

जाड तारा ओढणे कष्टाचे होते. तेव्हाच्या संचात तिसऱ्या तारेवरही बारीक तारेचे वेटोळे असे. काही वादक पहिल्या तारेच्या जागी बँजोची बारीक तार लावून बाकीच्या एकेक घर सरकवत. मग तिसरी तार साधी येई आणि सहज वाके. १९६० च्या दशकात अर्नी बॉल यांनी कॅलिफोर्नियात असे हलके संच तयारच विकायला काढले.

हा कंप इंग्लंडमधील पोरांना शिकवायला गुरू नव्हता, तबकड्या होत्या. ३३ फेऱ्यांची तबकडी १६ वर लावली की सूर सप्तकभर खाली उतरे, पण बोटाचा प्रत्येक हेलकावा मोजता येई. एरिक क्लॅप्टन यांच्या पिढीचे शिक्षण बरेचसे असे कानाने झाले. ब्लूज वादक जॉन मेयॉल यांच्याबरोबरच्या १९६६ च्या तबकडीत त्यांचा रुंद, संथ कंप ऐकू येतो; त्यांची हालचाल मनगटापेक्षा हातातून अधिक येते. जिमी हेंड्रिक्स यांनी अंगठा दांड्यावरून वर आणून त्याच्या आधाराने मनगट फिरवले.

दरम्यान यंत्रानेही हे काम करून पाहिले. १९३० च्या दशकातील डॉक कॉफमन यांच्या व्हायब्रोला यंत्रापासून १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारवरच्या, तारांचा ताण बदलणाऱ्या दांडीपर्यंत बरेच प्रयोग झाले. दांडी सगळ्या तारा एकदम हलवते, बोट हवी तीच हलवते. त्यामुळे दांडीने बोटाची सुट्टी केली नाही.

आज शिकवताना बहुधा आधी मेट्रोनोमवर एका ठोक्याला दोन, मग तीन, मग चार हेलकावे घ्यायला लावतात. सुरुवात तिसऱ्या बोटाने आणि त्यामागे पहिल्या दोघांचा आधार देऊन केली जाते. किंग यांच्यासारखे एकट्या पहिल्या बोटाने करणे सर्वांत शेवटी येते.