नाममुद्रेपासून मुखपृष्ठापर्यंत : लोकप्रिय मराठी गीताच्या सादरीकरणाचा इतिहास

१

लोकप्रिय गीताचा विचार मराठी समीक्षेत प्रायः दोन बाजूंनी झालेला आढळतो. एका बाजूला गीताची शब्दसंहिता काव्याच्या निकषांवर तपासून बहुधा ती उणी ठरवली जाते. दुसऱ्या बाजूला गीताला चळवळीचे वा बाजारपेठेचे केवळ साधन मानून त्याची सामाजिक उपयुक्तता मोजली जाते. या दोहोंमध्ये एक प्रदेश दुर्लक्षित राहतो. गीत श्रोत्यासमोर कोणाच्या नावाने येते, कोणत्या वेशात येते आणि कोणत्या वेष्टनात विकले जाते, हा तो प्रदेश होय. जेरार जेनेत या फ्रेंच समीक्षकाने १९८७ साली ग्रंथाचे शीर्षक, लेखकनाम, मुखपृष्ठ, प्रस्तावना यांना संहितेचे 'उंबरठे' म्हटले. वाचक उंबरठा ओलांडूनच घरात येतो आणि घराविषयीची त्याची अपेक्षा तेथेच घडते. हीच संकल्पना गीताला लावली, तर सादरीकरण ही गीताबाहेरची जाहिरातबाजी न राहता अर्थनिर्मितीचाच एक घटक ठरते.

या प्रश्नाकडे मुंबईतील ध्वनिमुद्रणगृहांतून न पाहता एखाद्या श्रोत्या गावाकडून पाहणे अधिक उद्बोधक ठरते. महाड तालुक्यातील तुडील हे सावित्रीच्या खाडीपट्ट्यातील गाव. लोकप्रिय संगीताच्या कोणत्याही इतिहासात अशा गावांना उत्पादक म्हणून स्थान नाही. त्यांच्याकडे ग्राहक म्हणूनच पाहिले गेले. परंतु महाड-पोलादपूरचा हा टापू एका बाजूने चाकरमान्यांच्या मुंबईशी आणि दुसऱ्या बाजूने चवदार तळ्याच्या स्मृतीशी जोडलेला आहे. शक्ती-तुऱ्याची गाणी आणि भीमगीते या दोन्ही प्रवाहांचे नाते या टापूशी आहे. हे दोन्ही प्रवाह ग्रामीण मानले जातात. प्रत्यक्षात त्यांची आधुनिक रूपे गिरणगावात, चाळींत आणि नाट्यगृहांत, म्हणजे शहरात घडली. तेव्हा ते मराठी नागर लोकप्रिय संगीताचेच प्रवाह होत.

२

बाजारपेठेने निरागस लोककलेला वेष्टनात गुंडाळले, अशी एक रूढ मांडणी आहे. ती इतिहासाला धरून नाही. कलगी-तुऱ्याच्या परंपरेत फडाचे चिन्हच त्याची ओळख होती. शक्तीचे श्रेष्ठत्व सांगणारे कलगीवाले आणि शिवाचे श्रेष्ठत्व सांगणारे तुरेवाले यांचा सवाल-जवाब तात्त्विक होता हे खरेच. पण गर्दी जमवणारा सामनाही तोच होता. कोकणातील जाखडी नृत्याने ही स्पर्धा आपलीशी केली. मुंबईत राबणाऱ्या, कानात बाळी घालणाऱ्या कोकणी गड्याला शहराने दिलेले 'बाल्या' हे नाव त्या नाचालाही चिकटले, असे सांगितले जाते. म्हणजे गावच्या कलेचे नामकरण शहराने केले आणि तेच नाव घेऊन ती गणपतीत गावी परतली. परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी तिकीट लावून होणाऱ्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांत दोन शाहिरांची नावे समोरासमोर छापण्याची पद्धत ही जुन्या फडाच्या चिन्हाचेच मुद्रित रूप आहे.

या परंपरेची दुसरी खूण अधिक महत्त्वाची आहे. ती म्हणजे गीताच्या अखेरच्या कडव्यात गुंफलेली कवीची किंवा त्याच्या गुरूची नाममुद्रा. संतांच्या अभंगांपासून शाहिरांच्या लावणीपर्यंत ही पद्धत चालत आली. उत्तर पेशवाईतील 'होनाजी बाळा' हे नाव या दृष्टीने लक्षणीय आहे. होनाजी शिलारखाने रचना करी आणि बाळा करंजकर गाई; श्रोत्यांसमोर मात्र दोघे एकाच जोडनावाने आले. रचणारा आणि गाणारा यांच्यात श्रेयाची विभागणी अजून झालेली नव्हती. नाममुद्रा हे लेखकत्वाचे प्रमाणपत्र होते, तसेच ते विक्रीचे चिन्हही होते. मात्र ते गीताच्या आत असल्यामुळे गाणाऱ्याला ते सहजासहजी गाळता येत नसे; ते गाळले तर यमक कोसळे, कडवे पंगू होई.

३

नाव आणि प्रतिमा यांची किंमत महाडच्या संघर्षात वेगळ्या रीतीने पुढे आली. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद झाली आणि चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील परिषदेसाठी डॉ. आंबेडकर 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तेथून महाडला गेले. याच काळाच्या संदर्भात पठ्ठे बापूरावांची एक आठवण आंबेडकरी परंपरेत सांगितली जाते. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा ब्राह्मण शाहीर 'पठ्ठे बापूराव' या नावाने प्रसिद्धीस आला होता आणि पवळेसह त्याचा फड गाजत होता. तमाशाच्या उत्पन्नातून त्याने चळवळीला देऊ केलेली देणगी आंबेडकरांनी नाकारली, अशी ती आठवण आहे. तिचा रोख पैशावर नाही. दलित स्त्रीच्या देहाचे जे दर्शन रंगमंचावर मांडून तो पैसा मिळाला, त्या मांडणीला हा नकार होता.

आंबेडकरी जलशाचे सौंदर्यशास्त्र या नकारातून समजून घ्यावे लागते. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या जलशांनी तमाशाचा सांगाडा ठेवला आणि त्याचा उंबरठा बदलला. गणाच्या जागी नेत्याचे व विचाराचे स्तवन आले, गवळणीतील छेडछाड गेली, शृंगाराची जागा प्रबोधनाने घेतली. कर्डकांनी १९७८ च्या 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या ग्रंथात या कार्याची नोंद केली आहे. कलावंताने कोणत्या रूपात लोकांसमोर उभे राहावे, हा प्रश्न येथे धंद्याचा राहिला नव्हता. तो आत्मसन्मानाचा झाला होता. त्यामुळे प्रतिमानिर्मिती म्हणजे व्यापारच, हे समीकरण या टप्प्यावर टिकत नाही.

१९५६ च्या धर्मांतरानंतर जलशाची जागा क्रमाने गायनपार्ट्यांनी घेतली. मुंबईच्या वस्त्यांतून कव्वालीचा बाज, दोन गायकांचा सामना आणि रात्रभर चालणारी मैफल यांचा जम बसला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४), विठ्ठल उमप (१९३१–२०१०), प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) ही या परिसरातील मोठी नावे. वामनदादांच्या गीतांत 'वामन' ही नाममुद्रा शेवटच्या कडव्यात येते. त्यांचे 'वाटचाल' (१९७३) व 'मोहळ' (१९७६) हे संग्रह छापले गेले. परंतु त्यांची गीते पोचली ती मुख्यतः इतरांच्या गळ्यांतून. पुस्तक न पाहिलेल्या श्रोत्यालाही कवीचे नाव कळत होते, ते या एका कडव्यामुळे.

४

यंत्राने नावाची जागा बदलली. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानने तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारले. ही प्रथा जर्मनीत तबकड्या तयार करणाऱ्या कारागिरांना लेबल लावण्यासाठी सोयीची होती. कवीची नाममुद्रा आणि गायिकेची ही घोषणा वरवर सारखी वाटते. पण पहिली रचनेचा अवयव आहे, दुसरी उत्पादनाची खूण. लेबलावर नाव स्थिरावल्यावर घोषणेची गरज संपली आणि ओळखीचा कारभार कंपनीकडे गेला.

भावगीताच्या क्षेत्रात कवीला याची झळ कमी लागली. आकाशवाणीने गीतकार, संगीतकार, गायक अशी त्रयी उच्चारण्याचा शिरस्ता रुजवला. १९५५–५६ मध्ये पुणे केंद्रावरून प्रसारित झालेले छप्पन्न गीतांचे 'गीतरामायण' गदिमा आणि सुधीर फडके या दोन्ही नावांनी घरोघर पोचले. लोकगीत, भक्तिगीत आणि भीमगीत या खणांत मात्र तबकडी गायकाच्या नावावर उभी राहिली. प्रल्हाद शिंदे यांचा एकच गळा विठ्ठलाच्या गाण्यांसाठी एका खणात आणि भीमगीतांसाठी दुसऱ्या खणात ठेवला गेला. बौद्ध गायकाच्या आवाजात पंढरीची वाट चालणाऱ्या श्रोत्याला त्या आवाजाचा दुसरा इतिहास ठाऊक असण्याची निकड बाजाराला नव्हती. असे खण पाडल्याने एकाच कलावंताचे दोन परस्पर-अनभिज्ञ श्रोतृवर्ग तयार झाले.

१९८० च्या दशकातील कॅसेटने ही प्रक्रिया टोकास नेली. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, एचएमव्हीची दीर्घकालीन मक्तेदारी मोडली आणि स्वस्त उत्पादनामुळे प्रादेशिक गीतांना स्वतःची बाजारपेठ मिळाली. ही लोकशाहीकरणाची बाजू नाकारता येत नाही. आनंद व मिलिंद शिंदे यांचा उदय याच काळातला. घराण्याचे आडनावच विक्रीचे चिन्ह झाले आणि पुढे 'शिंदेशाही' हा शब्दही रूढ झाला. चौदा एप्रिल, सहा डिसेंबर आणि महाडला वीस मार्च ही स्मरणदिनांची दिनदर्शिका कॅसेटच्या विक्रीचीही दिनदर्शिका बनली. परंतु तळहाताएवढ्या मुखपृष्ठावर गायकाचा चेहरा, नेत्याची प्रतिमा आणि कंपनीचे बोधचिन्ह मावल्यावर कवीसाठी उरली ती आतल्या कागदावरची बारीक ओळ, आणि पुष्कळदा तीही नाही.

५

ही केवळ कंपन्यांची बेपर्वाई होती असे म्हणून भागत नाही. कायद्यानेही तिला वाट दिली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली कलम ५२-अ घातले गेले. चोरट्या प्रतींना आळा घालणे हा त्याचा हेतू. ध्वनिमुद्रिकेवर व तिच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे त्याने बंधनकारक केले. या यादीत गीतकार नाही. हक्क विकून बसलेल्या कवीचे नाव न छापताही मुखपृष्ठ या कलमापुरते निर्दोष ठरत होते. कलम ५७ लेखकाला आपले लेखकत्व सांगण्याचा अधिकार देते. पण तो बजावण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते आणि वस्तीतल्या शाहिराला ती परवडत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या मानधनाचा हक्क दृढ केला. त्याच दुरुस्तीतील कलम ३१-क नव्या गळ्यातील आवृत्तीच्या वेष्टनावर मूळ गायकाचे नाव वा प्रतिमा वापरण्यास मनाई करते, कारण ग्राहकाची दिशाभूल होऊ नये. म्हणजे मुखपृष्ठ अर्थ घडवते, हे समीक्षेने पुरते ओळखण्याआधी कायद्याने ओळखले. मात्र त्याला काळजी वाटली ती ग्राहकाच्या ओळखीची आणि गायकाच्या चेहऱ्याची.

याच सुमारास शहरी मध्यमवर्गाच्या बाजारपेठेत उलट घडत होते. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांवरून पॉप संगीत चेहरा, वेशभूषा आणि चित्रफीत यांच्या बळावर विकले जाऊ लागले. १९९५ चे अलिशा चिनॉयचे 'मेड इन इंडिया' हे त्याचे ठळक उदाहरण. या लाटेत कवी सर्वथा लुप्त व्हायला हवा होता. तरीही २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या 'आयुष्यावर बोलू काही' या कार्यक्रमाने कवीलाच रंगमंचावर बसवले आणि त्याचे कवी असणे हेच आकर्षण ठरवले. यावरून एक निष्कर्ष निघतो. बाजारपेठ कवीचे नाव स्वभावतः पुसत नाही; ज्या श्रोतृवर्गाची सांस्कृतिक पत तिला मान्य असते, त्याच्यापुरते ती ते नाव ठळक छापते. कवी दिसणे वा न दिसणे हा संगीतप्रकाराचा गुण नसून जात-वर्गाच्या उतरंडीचा परिणाम आहे. लोकप्रिय संगीत छद्म-व्यक्तित्व निर्माण करते, हा थिओडोर अडोर्नो यांचा १९४१ चा सिद्धान्त येथे अपुरा पडतो. येथे खोटे व्यक्तित्व निर्माण झाले त्यापेक्षा खरे व्यक्तित्व खोडले गेले, ही घटना गंभीर आहे.

६

मुंबईच्या वस्त्यांतून २०१० च्या दशकात पुढे आलेल्या रॅपने या इतिहासाला अनपेक्षित वळण दिले. 'स्वदेसी' या समूहातील एमसी मवाली मराठीतून रचतो आणि स्वतःच गातो. रॅपमध्ये रचणारा आपले टोपणनाव गीतातच उच्चारतो. ही रीत अमेरिकी हिप-हॉपमधून आली. तिचा नाममुद्रेशी वंशसंबंध नाही, तरी कार्यसंबंध निश्चित आहे. फितीचे वेष्टन संपले, मोबाइलच्या पडद्यावर नावे कापली जातात, गाणे वाटेल तेथून उचलून फिरवले जाते. अशा व्यवहारात शब्दांत विणलेले नावच टिकते.

खाडीपट्ट्यातील श्रोत्याच्या हाती तबकडी, कॅसेट आणि मोबाइल यांतून गीताची वेगवेगळी मुखपृष्ठे आली. त्यांतील बहुतेकांनी त्याला कवी सांगितला नाही, गीताने सांगितला. म्हणून भीमगीतांचे संपादन करताना, गायकांच्या सोयीसाठी अनेकदा गाळले जाणारे शेवटचे कडवे हा पाठचिकित्सेचा पहिला पुरावा मानला पाहिजे. ते कडवे गमावले, की ते गीत 'पारंपरिक' ठरते; आणि 'पारंपरिक' या शब्दाखाली किती कवी गाडले गेले आहेत, याची मोजदाद मराठी समीक्षेने अद्याप करायची आहे.