चिंध्यांची सक्ती आणि गोधडीचा आनंद

गोधडीचं नाव काढलं की आपल्यातल्या शिकलेल्या पोरांच्या कपाळाला आठी पडते. "बाबासाहेबांनी आपल्याला सुटाबुटात आणलं आणि तुम्ही पुन्हा ठिगळं जोडायला सांगताय?" महाड-पोलादपूरच्या वस्त्यांवर काम करताना हा प्रश्न आम्ही कैक वेळा ऐकला आहे. त्यामागे अपमानाची आठवण आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. पण आमचं म्हणणं असं, की या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. एक, आपल्यावर लादलेल्या चिंध्या. दुसरी, आपल्या आया-आज्यांनी त्या चिंध्यांचं जे केलं ते.

आधी लादलेल्या चिंध्यांचं बघू. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय नेसावं याचा कायदाच आहे: मेलेल्यांची वस्त्रं. त्याच अध्यायात पुढे शूद्राला उष्टं अन्न आणि जुनेर द्यावं असंही सांगितलं आहे. हे पोथीतच राहिलं असतं तर एक वेळ वाद घालता आला असता. पण गावगाड्यात मढ्यावरचं कापड महाराचं, हा 'हक्क' म्हणून चालत आला. हक्क हा शब्द किती क्रूर होऊ शकतो, त्याचं याहून मोठं उदाहरण आम्हाला तरी सापडलेलं नाही. 25 डिसेंबर 1927 ला महाडात तो ग्रंथ जळाला, तेव्हा पाण्याच्या आणि मंदिराच्या बंदीसोबत हा कापडाचा कायदाही जळाला. आपण दरवर्षी मनुस्मृती दहन दिन साजरा करतो, पण कापडाबद्दल क्वचितच बोलतो.

बाबासाहेब मात्र बोलले होते. त्याच परिषदेत जमलेल्या स्त्रियांना त्यांनी वेगळं संबोधलं. लुगडं नेसण्याची जी तऱ्हा आणि जे दागिने तुमची जात लांबून ओळखू देतात ते टाका, स्वच्छ राहा, मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका, मुलींना शिकवा, हा त्या भाषणाचा गाभा. बायांनी ते लगोलग अमलात आणलं. गुडघ्यापर्यंत आखूड नेसलेली लुगडी घोट्यापर्यंत आली. टिपणीस आणि चित्रे या चळवळीतल्या कुटुंबांतल्या स्त्रियांनी नेसवायला मदत केल्याचं सांगितलं जातं. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बाबासाहेबांनी ओळख लादणाऱ्या खुणा टाकायला सांगितल्या, हातातली सुई टाकायला सांगितली नाही.

आता बुद्धाकडे जाऊ. भिक्खूंचं चीवर मूळचं ठिगळांचंच. उकिरड्यावर, रस्त्यावर, स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, रंगवून, शिवून ते घालायचे, त्याला पांसुकूल म्हणत. विनयाच्या महावग्गात येतं, की चारिका करताना भगवंतांनी मगधातली शेतं पाहिली, बांधांनी आखलेली, चौकोनी. अशी चीवरं करता येतील का, असं त्यांनी आनंदाला विचारलं आणि आनंदाने तुकडे जोडून तसंच चीवर करून दाखवलं. आजही जगभरच्या भिक्खूंच्या अंगावर तीच शेतं आहेत. पोलादपूरच्या चढावर उभं राहून खाली सावित्रीच्या काठची भाताची खाचरं बघितलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत तर याहून गोड प्रसंग आहे. अनुरुद्धाचं चीवर फाटलं, नवं शिवायचं ठरलं. एका टोकाला महाकस्सप बसले, मध्ये सारिपुत्त, दुसऱ्या टोकाला आनंद. बाकीचे भिक्खू दोरा वळत होते, मोग्गल्लान काय हवं-नको ते आणून देत होते आणि खुद्द तथागत सुईत दोरा ओवून देत होते. आपल्या अंगणात चार बाया चार बाजूंना बसून गोधडी घालतात आणि नजर अधू झालेल्या म्हातारीला नात सुई ओवून देते, त्या चित्रापासून हे किती लांब आहे?

आणि चुल्लवग्गातला आनंद-उदेन संवाद. राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दिली. राजा चिडला, एवढ्यांचं हा भिक्खू करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं विरली त्यांना देऊ. आणि विरलेल्यांचं? अंथरुणावर घालू. ती जुनी झाली की गादीची खोळ, मग जमिनीवरचं अंथरूण, मग पायपुसणं, मग फडकं. आणि तेही संपलं की कुटून, मातीत कालवून जमीन लिंपायला. राजा खूश झाला, त्याने आणखी पाचशे दिली. आमच्याकडच्या लुगड्याचा प्रवास याच वळणाने जातो: अंगावर, मग गोधडीत, मग बाळाच्या दुपट्यात, मग चुलीजवळच्या फडक्यात.

पण सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा पुढचा. देवदत्ताने मागणी केली होती की पांसुकूल सर्व भिक्खूंना सक्तीचं करा. बुद्धांनी ती फेटाळली. ज्याला चिंध्यांचं घालायचं त्याने घालावं, ज्याला गृहस्थाने दिलेलं नवं कापड घ्यायचं त्याने घ्यावं. म्हणजे कापड तेच, ठिगळ तेच, पण मनूकडे सक्ती आहे आणि बुद्धाकडे निवड. ज्या क्षणी चिंधी निवडलेली असते त्या क्षणी तिच्यात रंग शिरतो. आमचा सगळा वाद या एका फरकावर उभा आहे.

कोकणातल्या आपल्या गोधडीत मुंबईही शिवलेली आहे. महाड-पोलादपूरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गिरणगावात गेली. तिथे अस्पृश्यांना विणकामाच्या खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ. जास्त पगाराची कामं त्या खात्यात, म्हणून हा विटाळ फार सोयीचाही होता. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. आता गंमत बघा. ज्या माणसाच्या तोंडाला धागा चालत नव्हता त्याचीच बायको गावी तोच धागा दाताने तोडून, गिरणीच्या त्याच कापडाचे तुकडे जोडत होती. कामगार चळवळीच्या इतिहासात गिरणीतला बाप सापडतो, गोधडी घालणारी आई सापडत नाही. उर्मिला पवारांनी 'आयदान' मध्ये आईचं बांबूचं विणकाम आणि आपलं लिहिणं एका धाग्यात आणलं, तसं सुईच्या कामाचं अजून कुणी फारसं केलेलं नाही.

ही कामं होतात भात घरात आल्यावर, उन्हाळ्यात. आमच्याकडचा पाऊस माहीत आहे ना? मृगाच्या आत गोधडी धुऊन वाळली नाही तर ती पुढचे चार महिने ओलच धरते. खाली-वर जुनं नऊवारी, मध्ये साड्या, धोतरं, सदरे आणि कडेपासून आत येत जाणारा धावदोरा. नक्षी आधी कागदावर काढत नाहीत. लाल शेजारी हिरवा ठेवून बघायचा, मान वाकडी करायची, नाही पटला तर उचलायचा. या बघण्यात जो आनंद आहे तो फुकटचा नाही, दिवसभर दुसऱ्याच्या कामावर राबलेल्या बाईने स्वतःसाठी काढून ठेवलेला आहे. पोटापुरतं झालं की पुरे, रंग कशाला, असं जे आपल्याला शिकवलं गेलं त्याला हे उत्तर आहे. उत्तर कन्नडच्या सिद्दी स्त्रिया, आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या लेकी, गोधडीच्या चारी कोपऱ्यांना घड्या घातलेले तिकोनी तुकडे लावतात. त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवाय ऊब कमी होत नाही, तरी त्या फुलांवाचून गोधडी पुरी मानत नाहीत.

गोधडीला हात घालायची हिंमत नसेल त्या मुलींना आम्ही छोट्या वस्तूंपासून सुरुवात करायला सांगतो. बाळाची कुंची, बटवा, विहारात बसायचं आसन. हातभर कापड आणि दोन संध्याकाळी लागतात. ब्युटी पार्लर आणि शिवणक्लासच्या सरकारी प्रशिक्षणात जी मुलगी गप्प बसते ती इथे तुकड्यांवरून भांडते, हे आम्ही पाहिलेलं आहे.

आता बाजाराबद्दल. शहरातल्या दुकानात गोधडी हजारोंना विकली जाते आणि चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असतं, बाईचं नसतं. याबाबतीत अमेरिकेतल्या अलाबामाचं जीज बेंड हे गाव अभ्यासण्यासारखं आहे. तिथल्या काळ्या स्त्रिया कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. 1962 मध्ये, नदीपलीकडे जाऊन काळी माणसं मतदार म्हणून नाव नोंदवू लागली तेव्हा गोऱ्यांनी तिथली होडीची फेरी बंद पाडली. ती पुन्हा सुरू व्हायला 2006 उजाडलं. आपल्याला तळ्याचं पाणी नाकारलं, त्यांना नदी ओलांडणं. 1966 मध्ये त्या भागातल्या स्त्रियांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली आणि गोधड्यांवर कमाई उभी केली. 2002 पासून त्यांच्या गोधड्या मोठ्या कलासंग्रहालयांत लागल्या, टपाल तिकिटांवर आल्या. आणि 2007 मध्ये त्यांतल्याच काही स्त्रियांना आपल्या मोबदल्यासाठी कोर्टात जावं लागलं. कौतुक झालं म्हणजे न्याय झाला असं नसतं. आपल्या बचत गटांनी कुणाशी करार करण्याआधी दर, नाव आणि नक्षीचा हक्क या तिन्ही गोष्टी कागदावर घ्याव्यात.

22 जुलै 2021 च्या पुरात महाड बुडालं, तळियेत दरड कोसळली, पोलादपुरातही गावं गाडली गेली. चिखलात भिजलेली गोधडी दोघांना उचलत नाही, बऱ्याच घरांनी त्या टाकून दिल्या. त्यांतलं एक-एक ठिगळ कुणाचं होतं हे सांगणारी म्हातारीच तेवढी उरली आहे, तीही किती दिवस? म्हणून सध्या आम्ही एवढंच करतो. नवी गोधडी पुरी झाली की तिच्या एका कोपऱ्यात शिवणारीचं नाव, गाव आणि साल घालतो. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी नात पेन्सिलीने अक्षरं काढून देते आणि ती त्यांवरून निळ्या दोऱ्याने धावदोरा घालते.